गाठोड्याचं कापड

या वर्षी माझ्या तीन गोधड्या पूर्ण झाल्या. वर्षाच्या सुरुवातीला वहीत सहा लिहिल्या होत्या, आणि वहीत लिहिलेलं पूर्ण करायची मला खोड आहे. नोकरीत असताना या खोडीपायी सगळे माझ्यावर वैतागायचे. चौथी अर्धी टाचून पलंगाखाली पडली आहे. पाचवीची आणि सहावीची गाठोडी ज्यांनी दिली त्यांचं दोनदा विचारून झालं, पण मी ती सोडलेलीही नाहीत. का, ते सांगायचं तर तिसऱ्या गोधडीचं सांगावं लागेल. ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

मी सिंदेवाहीला नोकरी केली, निवृत्त झाल्यावर ब्रह्मपुरीत दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. लग्न केलं नाही. एकट्या बाईचा वेळ जात नाही म्हणून ही चिंध्या जोडत बसते, असं गल्लीत बोललं जातं. बोलोत बापडे. वेळ माझा कसाही जातो. मला जुनं सुती कापड आवडतं, एवढंच. वीस वर्षं नेसलेलं, धुतलेलं लुगडं हातात घेतलं की दुकानातलं कुठलंही नवं कापड मला पुठ्ठ्यासारखं लागतं.

गोधडी मी आईकडून शिकले, आणि आईचे नियम पक्के होते. सोड्याच्या पाण्यात उकळून, दोन उन्हं दाखवल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. धड कापड वर लावायचं, विरलेलं पोटात घालायचं. पायाकडची बाजू आधी फाटते, म्हणून तिथे पोटात एक थर जास्त. आणि डोक्याकडच्या काठाला लाल पट्टी लावायची, म्हणजे पायाची बाजू कधी चुकूनही तोंडाशी येत नाही. कुणी पट्टी पायाकडे करून अंथरलं तर आई झोपलेल्या माणसाला उठवून गोधडी फिरवायची. आम्ही दोघी बहिणी तिला हसायचो, आणि पुढे दोघीही तेच करू लागलो.

यंदाची पहिली गोधडी शेजारणीच्या नातवासाठी होती, हातभर लांबीची. तिच्या दोन साड्या होत्या, दोन्ही मऊसूत. पोरानं पहिल्याच दिवशी ती ओली केली, म्हणजे पसंत पडली असं समजायचं. दुसरी फसली. आमच्या गल्लीतली एक बाई मोहर्लीला वाघ पाहायला येणाऱ्यांच्या रिसॉर्टात चादरी बदलायचं काम करते. एक डाग पडला की तिथे चादर बाद होते. तिनं अशा पाच-सहा पांढऱ्या चादरी आणून दिल्या. गोधडी झाली सरळ, स्वच्छ आणि मेलेली. तिच्यात कुणाचंच काही नव्हतं. मी ती कुणाला देऊन टाकली ते सांगण्यासारखं नाही, कारण त्यांनाही ती आवडली नाही.

तिसरी माझ्या थोरल्या बहिणीची.

मी तिला बाई म्हणते. तिचं गाव ब्रह्मपुरीहून काळीपिवळी जीपनं तासाभरावर, मधे जंगलाचा पट्टा. गावाला मोठा तलाव आहे. माझे भाऊजी त्या तलावावर मासे धरायचे, शिंगाडा लावायचे, उरलेल्या दिवसांत धानाच्या बांधीत राबायचे. बोलायला कमी माणूस. मला मूल ना बाळ, सासर नाही, तेव्हा सणाला जायचं घर म्हणजे त्यांचंच. मी आले की ते नुसतं "आली का" म्हणायचे आणि तलावाकडे निघून जायचे. तासाभरात माझ्यापुढे मासे यायचे.

आमच्याकडे माणसाच्या खांद्यावर दुपट्टा असतोच. ऊन लागलं की डोक्याला, हात ओले झाले की पुसायला, काही आणायचं असलं की बांधायला. भाऊजींचा पांढरा होता, म्हणजे कधीकाळी पांढरा असावा. शिंगाडे बांधून बांधून त्यावर तपकिरी डाग बसला होता, तो कशानंही जात नव्हता. एका कोपऱ्यात तंबाखूची पुडी बांधलेली असायची, आणि रोजच्या त्या गाठीनं तो कोपरा ओढला जाऊन लांबट झाला होता.

दरवर्षी कार्तिकात काळीपिवळीचा ड्रायव्हर माझ्या दारासमोर हॉर्न वाजवायचा. दुपट्ट्यात बांधलेले ओले शिंगाडे माझ्या हातात द्यायचा. गाठोड्याचं कापड ठेवून घ्यायचं नाही, आणि रिकामंही पाठवायचं नाही, ही आमची रीत. मी त्यात कधी बाजारचे मुरमुरे, कधी गूळ, कधी बाईसाठी पोलक्याचं कापड बांधून दुसऱ्या दिवशी त्याच जीपनं दुपट्टा परत करायची. किती वर्षं तो एकच दुपट्टा ये-जा करत होता. कुणी कधी म्हटलं नाही, की दुपट्टा परत पाठव. ते सांगायची गोष्टच नव्हती.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भाऊजी तलावाच्या पाळीवर छातीत कळ येऊन गेले. सकाळी डोंगा बांधून वर चढले आणि तिथेच बसले ते बसलेच. त्या कार्तिकात शिंगाडे आले नाहीत.

संक्रांतीच्या आधी जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं गाठोडं दिलं. आदल्याच दिवशी बाईचा सुनेच्या मोबाइलवरून फोन आला होता, की दोन जुनी लुगडी आणि सुनेच्या काही साड्या पाठवते, थंडी सोसत नाही, एक गोधडी शिवून दे. गाठोडं दुपट्ट्यात बांधलेलं होतं.

मी तो ओळखला. इथे तरी खोटं लिहायचं नाही. ओळखला, गाठ सोडली, आणि हातात घेतल्या घेतल्या माझ्या मनात आलं ते हे, की किती मऊ झालाय. पोटात घालायला याच्यासारखं कापड मिळायचं नाही. मग मी स्वतःला समजावलं, की बाईनं तोही गोधडीसाठीच पाठवला असणार, माणूस गेल्यावर त्याचा दुपट्टा ठेवून करायचं काय. एक फोन केला असता तर कळलं असतं. फोन हाताशी होता. मी केला नाही, कारण ती नको म्हणाली असती तर मला तो सोडावा लागला असता.

सगळं धुतलं, दोन उन्हं दाखवली. वर बाईचं जांभळं लुगडं आणि सुनेच्या साडीचे काठ. रंग असे जमून आले, की मी माझ्यावरच खूश. डागाचा दुपट्टा वर लावायचा प्रश्नच नव्हता. पायाकडच्या जास्तीच्या थराला तो रुंदीत बरोबर बसत होता. फक्त एक कोपरा लांबट आणि वाकडा होता. तो मी कापून चिंध्यांत टाकला, आणि त्या चिंध्या त्याच आठवड्यात पाणी तापवायच्या चुलीत गेल्या.

दोन महिने मी त्या गोधडीवर बसले. काठापासून आत, धावदोऱ्याच्या ओळीमागून ओळ. तशी शिवण माझ्या हातून पुन्हा व्हायची नाही. मार्चमध्ये इथल्या बायकांनी एका हॉलमध्ये हस्तकलेच्या वस्तू मांडल्या, तेव्हा मी ती दोन दिवस भिंतीवर टांगू दिली. लोक जवळ येऊन टाके पाहायचे, आणि मी बाजूला खुर्ची टाकून बसले होते. तिकडे बाई थंडीत होती आणि थंडी संपत आली होती. हे मला तेव्हा सुचलं नाही.

चैत्रात मी स्वतः गोधडी घेऊन गेले. बाईनं ती अंगणात बाजेवर पसरली, तळवा फिरवला, लाल पट्टी पाहून हसली. भाऊजी गेल्यावर मी तिला प्रथमच हसताना पाहत होते. मग तिनं माझी प्लॅस्टिकची पिशवी उचलली, आत हात घातला, उलटी केली.

"आन् दुपट्टा कुठी हाय?"

मी म्हणाले, घरी राहिला, पुढच्या खेपेला आणते. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, की मलाच आश्चर्य वाटलं. बाई बरं म्हणाली आणि चहा टाकायला गेली. सून माझ्याजवळ बसली होती. तिनं सांगितलं, की भाऊजींच्या अंगावरचे कपडे नदीवर गेले, बाकीचे मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांना वाटून दिले. दुपट्टा तेवढा डोंग्यात राहिला होता म्हणून वाचला. सासूबाई तो उशाला घेऊन झोपायच्या. सून म्हणाली, गाठोडं बांधायला दुसरं कापड देत होते मी, पण सासूबाई म्हणाल्या, बहिणीकडे त्याचाच दुपट्टा जातो आणि येतो, यंदाही जाऊ दे.

तो चहा मी कसा प्यायले ते मला आठवत नाही.

त्यानंतर बाईचा दर आठ दिवसांनी फोन यायचा. धानाचं, पावसाचं, सुनेच्या तब्येतीचं सांगून झालं की शेवटी ती दुपट्ट्याचं विचारायची. रागानं नाही. मी कधी जीप मिळाली नाही म्हणायची, कधी धुवायला भिजवलाय म्हणायची. पुढे पुढे तर सुनेचा नंबर दिसूनही दोनदा मी फोन वाजू दिला.

आषाढात, आखाडीच्या सणाच्या सुमारास मी गावी गेले, गोधडीचा काठ उसवलेला दिसतो अशी थाप मारली आणि ती घेऊन आले. पायाकडची बाजू उलगडायला बसले. टाके बारीक, ओळी जवळजवळ. माझंच कसब माझ्या मुळावर आलं. वीतभर शिवण उसवून आत बोट घातलं तर दुपट्टा दोऱ्याबरोबरच बाहेर आला, तुकड्या-तुकड्यांनी. विरलेलं कापड पोटात उभं राहतं ते टाक्यांच्या जोरावर. टाका काढला की ते कापड राहत नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी इतरांना शिकवते हे. मी निघालेले धागे पुन्हा आत सारले आणि शिवून टाकलं.

मग मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाजारातून नवा पांढरा दुपट्टा आणला. सोड्यात उकळला, दगडावर आपटला, उन्हात टाकला, पुन्हा उकळला. महिनाभर हेच. वाळलेले शिंगाडे मिळाले, ते सालासकट शिजवून त्या पाण्यात अर्धा दुपट्टा बुडवला. डाग हवा तसा बसला. खोटं काम करतानाही मी ते नीट करत होते. दोनदा तर डाग फार ठळक झाला म्हणून पुन्हा धुतला.

पोळ्याला गोधडी आणि दुपट्टा दोन्ही घेऊन गेले. बाईचे डोळे आता अधू झालेत, मोतीबिंदू पिकतोय. तिनं दुपट्टा मांडीवर घेतला. पाहिला नाही. बोटांनी एक कोपरा चाचपला, मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. मला वाटलं शिवण पाहतेय. मग तिनं त्याची घडी केली आणि उशाखाली ठेवली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि जेवताना पोळीवर तूप वाढून घेतलं.

कार्तिकात दारासमोर हॉर्न वाजला.

ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या बाईनं देल्लं. गाठोडं ओलं होतं. दुपट्टा माझाच होता, मी आणलेला, मी उकळलेला, मी डागवलेला. आत शिंगाडे होते, भाऊजींच्या तलावातले, ते गेल्यानंतरचे पहिले. दुसऱ्याचं कापड ठेवून घ्यायचं नाही, रिकामं परत पाठवायचं नाही. बाईनं माझं कापड मला रीतीनं परत केलं होतं.

मी रस्त्यावरच उभी राहिले. तिची बोटं चार कोपऱ्यांवरून फिरताना डोळ्यांसमोर आली तेव्हा मला तंबाखूची गाठ आठवली. डाग आठवला होता, विरलेपण आठवलं होतं, तो लांबट कोपरा मात्र मी विसरले होते. तोच, जो मी वाकडा म्हणून कापला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या काळीपिवळीनं निघाले. जंगलाच्या पट्ट्यात पुढच्या गाड्या थांबलेल्या. रस्त्यावर वाघ बसलाय म्हणाले. अर्धा तास कुणी खाली उतरेना. मागच्या सीटवरच्या बाया धानाच्या कापणीचं बोलत होत्या. मी त्या अर्ध्या तासात आणखी एक थाप जवळजवळ तयार केली होती, की धुताना दगडावर फाटला, तुला वाईट वाटेल म्हणून दुसरा आणला. चांगली होती थाप. तिच्यात मी फक्त बावळट ठरत होते.

बाई घरात एकटी होती, सगळी कापणीला गेलेली. खाली गोधडी अंथरून तिच्यावर बसली होती, लाल पट्टी भिंतीकडे, डोक्याच्या बाजूला. मी तिच्यासमोर गोधडीवर बसले. थाप तोंडाशी आली होती, पण बाईनं मान वर करून माझ्या दिशेनं पाहिलं, आणि मी खरं सांगितलं. ओळखला होता ते सांगितलं. फोन केला नाही ते सांगितलं. भिंतीवर टांगून लोकांना दाखवली तेही सांगितलं. मध्येच रडू आलं, तेव्हा ती माझं रडणं थांबायची वाट पाहत बसली, जवळ घेतलं नाही.

"मले मालूम होतं का तो तुह्याजवळ नाई," ती म्हणाली. "तू सांगशील म्हणून वाट पाहून राह्यली होती."

मी म्हणाले, तो गेला नाही बाई, हिच्यातच आहे, पोटात. तिचा हात गोधडीवर गेला. तिनं तो सावकाश फिरवला, जणू ताप पाहतेय.

"कुठी हाय? डोक्याकडे का पायाकडे?"

डोक्याकडे म्हणणं सोपं होतं. तिला कधीच कळलं नसतं. वरून पाहून कुणालाच कळलं नसतं, शिवण माझी होती. इतक्या महिन्यांत मी तिच्याशी जितकं खोटं बोलले त्यातलं हे एकच तिच्या भल्याचं ठरलं असतं. पण तिचा हात तिथे, चुकीच्या जागी, आयुष्यभर फिरत राहिला असता.

"पायाकडे," मी म्हणाले.

बाईनं गोधडीवरचा हात उचलून घेतला. मग म्हणाली, "ऊठ."

मी उठले. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गोधडीचे दोन कोपरे धरले. लहानपणी आम्ही दोघी मिळून अंथरूण घालायचो. त्या सवयीनं मी समोरचे दोन उचलले.

"सोड," ती म्हणाली.

मी सोडले. तिनं एकटीनं गोधडी ओढली, फिरवली, कोपरे चाचपून सरळ केले. तिला वेळ लागला. मग खाली बसली.

"पोळ्यापासून रोज पाय देऊन झोपली मी त्याच्यावर. त्याच्या आंधी चार महिने."

कापलेल्या कोपऱ्याचं मी तिला सांगितलं नाही. तेवढं अजूनही माझ्याकडेच आहे. ती आडवी झाली, माझ्याकडे पाठ केली आणि पायाकडच्या काठावर गाल टेकवला. लाल पट्टी तिच्या पायाशी आली होती. गोधडी उलटी अंथरलीय असं म्हणायला आई राहिली नव्हती, आणि मला तोंड नव्हतं.